उपग्रहाच्या नकाशात माळरान ‘पडीक’ कसे झाले

देशातल्या पडीक जमिनीचा राष्ट्रीय ॲटलस सन २००० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला एकूण आकडा ६.३८५ कोटी हेक्टर होता. म्हणजे देशाच्या भूभागाचे २०.१७ टक्के, साधारण दर पाचवा हेक्टर. हा आकडा ‘उपग्रहाने दिला’ असे तेव्हापासून म्हटले जाते. उपग्रहाने दिली ती जमिनीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची मोजमापे. कोणत्या छटेला काय म्हणायचे, ते टेबलावर वाकून बसलेल्या माणसांनी ठरवले आणि त्यांच्या हाती वर्गांची यादी आधीच दिलेली होती. सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) शिकणाऱ्या मुलांना आजही जी वर्गवारी गिरवावी लागते, तिच्यावर त्या यादीची छाप आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. विमानातून काढलेली छायाचित्रे वाचायला शिकवणारी संस्था डेहराडूनला १९६६ मध्ये डच मदतीने सुरू झाली. आजची बरीचशी अभ्यासक्रमाची भाषा तिथली आहे: छटा, पोत, आकार, आकारमान, सावली, रचना, जागा, साहचर्य. १९६९-७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड रंगीत फिल्मवर नारळाच्या बागा टिपल्या गेल्या आणि मर रोगाने ग्रासलेली झाडे निरोगी झाडांपासून वेगळी काढता आली. भारतातला सुदूर संवेदनाचा पहिला प्रयोग म्हणून तो ओळखला जातो. जुलै १९७२ मध्ये पहिला लँडसॅट हा अमेरिकी उपग्रह अवकाशात गेला आणि सुमारे ८० मीटरच्या पिक्सेलमध्ये सगळा देश एका नजरेत पाहणे शक्य झाले.

खरी गोष्ट सुरू होते ती जंगलाच्या आकड्यावरून. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने लँडसॅटच्या प्रतिमांवरून दोन काळांची तुलना केली. १९७२-७५ मध्ये देशात सुमारे ५.५५ कोटी हेक्टर जंगल दिसत होते, १९८०-८२ मध्ये ४.६३ कोटी. वनखात्याच्या दप्तरी मात्र जंगलाखालची जमीन याहून बरीच जास्त होती. दप्तर कायद्याने जंगल म्हणून नोंदलेली जमीन मोजत होते आणि प्रतिमा उभी झाडे मोजत होती, त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकत होते. पण वर्तमानपत्रांत आणि संसदेत पोचला तो ‘जंगल झपाट्याने संपत आहे’ एवढाच निष्कर्ष. १९८५ च्या जानेवारीत पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळाची घोषणा झाली. दरवर्षी ५० लाख हेक्टरवर जळण आणि चाऱ्यासाठी झाडे लावायची, असे उद्दिष्ट ठरले.

मग प्रश्न आला की एवढी जमीन आणायची कुठून? पडीक जमिनीचे नकाशे या प्रश्नातून निघाले. म्हणून १९८६ नंतर टप्प्याटप्प्याने जे काम झाले, त्याची वर्गयादी ‘झाडे कुठे लावता येतील’ या हेतूने बनली होती. हे लक्षात न घेता ती यादी वाचली, तर गोंधळ होणारच.

यादीत १३ वर्ग होते. घळींनी कातरलेली जमीन, झुडपी किंवा बिनझुडपी उंचवट्याची जमीन, पाणथळ आणि दलदलीची, क्षारपड, फिरत्या शेतीखालची, ऱ्हास झालेले अधिसूचित जंगल, ऱ्हास झालेली कुरणे, ऱ्हास झालेल्या लागवडी, वाळूची जमीन, खाणी आणि कारखान्यांनी बिघडवलेली, उघडा कातळ, तीव्र उतार आणि शेवटी बर्फाच्छादित व हिमनद्यांचा प्रदेश. गंगोत्रीची हिमनदी, सुंदरबनाच्या काठची दलदल आणि सोलापूरचा माळ एकाच शीर्षकाखाली आले. क्षारपड जमीन आणि खाणीचा खड्डा यांना पडीक म्हणण्याला कुणाचा फारसा आक्षेप नाही. त्या जमिनी बिघडलेल्या आहेत आणि त्या सुधारल्या तर शेतकऱ्याचे भलेच आहे. झुडपी-बिनझुडपी जमिनीचे तसे नाही. दख्खनच्या पठारावर जिथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर आणि मातीचा थर वीतभर, तिथे गवत आणि तुरळक बोरी-बाभळी हीच जमिनीची नैसर्गिक अवस्था आहे. ती कशाचा ऱ्हास होऊन तयार झालेली नाही. तिथे धनगरांची मेंढरे चरत आली, लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक आणि माळढोक राहत आले. यादीत त्या जागेसाठी चपखल रकाना नव्हता, म्हणून ती सर्वात जवळच्या रकान्यात गेली.

हा निर्णय अटळ नव्हता. अमेरिकेने १९७६ मध्ये भूवापराची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, ती जगभरच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवतात. तिच्यात चराऊ रानांचा वर्ग पहिल्या पातळीवर, शेती आणि जंगलाच्या बरोबरीने आहे. आपल्याकडे १९८८-८९ मध्ये देशभराच्या भूवापराचे १:२,५०,००० प्रमाणावरचे नकाशे झाले, त्यांच्या पहिल्या पातळीवर बांधीव क्षेत्र, शेती, जंगल, पडीक, पाणी आणि ‘इतर’ असे सहा वर्ग होते. गवताळ रान ‘इतर’मध्ये, मिठागरांच्या शेजारी होते. ज्या देशात कोट्यवधी जनावरे चराईवर जगतात, तिथे कुरणाला ‘इतर’मध्ये बसवणे हा माझ्या मते त्या काळातला सर्वात दूरगामी तांत्रिक निर्णय होता, आणि त्यावर तेव्हा फारशी चर्चा झाली नाही.

याला महसुली परंपरेचाही हातभार होता. ब्रिटिश काळापासून जमिनीची किंमत सारा देण्यावर ठरत आली. सातबाऱ्यावरचा पोटखराबा, गावनकाशावरची गायराने आणि कृषी सांख्यिकीतला ‘लागवडीयोग्य पडीक’ हा रकाना, सगळीकडे माप एकच: यातून पीक निघते का? प्रतिमा वाचणाऱ्यांनी तयार केलेली यादी या मापाला सरावलेल्या खात्यांना समजेल अशी असावी लागत होती. शिवाय गायरान ही मालकीची आणि हक्काची नोंद आहे. ती प्रतिमेत दिसत नाही. तिथे दिसते ते गवत, किंवा गवत वाळले असेल तर नुसती माती.

इथे प्रतिमेची तारीख कळीची ठरते. इन्फ्रारेड पट्टा लाल रंगात दाखवणाऱ्या फॉल्स कलर कंपोझिटमध्ये हिरवे गवत लालसर उमटते आणि वाळल्यावर ती लाली जाते. दख्खनवरचे कुसळी, पवन्या, मारवेल जुलैत तरारतात आणि नोव्हेंबरपर्यंत पिवळे पडतात. मार्च १९८८ मध्ये सोडलेला पहिला भारतीय सुदूर संवेदन उपग्रह एका जागेवर दर २२ दिवसांनी येई. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच दिवशी आभाळ निरभ्र मिळणे नशिबाची गोष्ट होती. त्यामुळे ‘खरीप’ म्हणून हाती येणारी प्रतिमा पुष्कळदा ऑक्टोबर-नोव्हेंबरची असे आणि रब्बीची जानेवारी-फेब्रुवारीची. दोन्हीत माळ करडा-निळसर. शेजारचे पडून ठेवलेले शेतही तसेच. गवत हिरवे असण्याचे जे दोन-अडीच महिने, तेच नेमके ढगांखाली जात.

कामाची पद्धतही समजून घ्यायला हवी, कारण आजची पिढी ती पाहत नाही. प्रतिमेची मोठी कागदी प्रत किंवा पारदर्शिका खालून उजेड असलेल्या टेबलावर पसरायची, वर ट्रेसिंग फिल्म टाकायची आणि टोकदार पेन्सिलीने सीमा ओढायच्या. सोबत टोपोशीट (भूरूपे दाखवणारा सर्वेक्षण नकाशा) आणि कोणती छटा कशाची हे सांगणारा तक्ता. १:५०,००० प्रमाणावर ३ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा वेगळा दाखवायचा नाही, असा दंडक होता. जमिनीवर तो तुकडा सव्वादोन हेक्टरांचा होतो. त्याहून लहान ओढ्याकाठचे कुरण किंवा देवाच्या नावाने राखलेले रान आजूबाजूच्या वर्गात विरघळून जाई. पिक्सेलचा आकारही असाच बोलका आहे. १९८८ च्या उपग्रहाचा मोठा पिक्सेल ७२.५ मीटरचा, म्हणजे एकराहून मोठा होता, आणि लहान पिक्सेल सुमारे १३ गुंठ्यांचा. १९९५ अखेरच्या आयआरएस-१सी या पुढच्या भारतीय उपग्रहात तो साडेपाच गुंठ्यांवर आला.

या मर्यादांतही त्या लोकांनी जे काम केले, ते थक्क करणारे आहे. हजारो पत्रके हाताने रेखाटली, जीपने फिरून तपासली आणि जिल्हावार हिशेब मांडला. हाताने प्रतिमा वाचणाऱ्याला भूगोल यावा लागे. सह्याद्रीच्या पूर्वेच्या उतारावरची कोरडी पानगळ आणि चिपळूणकडची काजूची बाग यांची छटा सारखी आली, तरी जागा आणि साहचर्य पाहून तो फरक करू शके. दोष यादीचा होता.

तो दोष तपासणीत का सापडला नाही, हे शिकणाऱ्यांनी मुळातून समजून घ्यावे. वर्गीकरणाची अचूकता काढताना काही ठिकाणे निवडतात, प्रत्यक्ष जाऊन पाहतात आणि नकाशाशी जुळणी करून तक्ता मांडतात. ८५ टक्क्यांच्या वर जुळले तर नकाशा ठीक, ही अपेक्षा त्या १९७६ च्या अमेरिकी वर्गवारीतून आली. पण तपासणारा माणूस सुप्याच्या माळावर उभा असला, तरी त्याच्या हातातल्या फॉर्मवर तेच वर्ग असतात. गवत पाहून तो ‘झुडपी-बिनझुडपी जमीन’ यावर खूण करतो, नकाशाही तेच म्हणत असतो, जुळणी होते. आकडा नव्वदीच्या घरात जातो आणि जागेची ओळख मात्र चुकलेलीच राहते. जुळणीचा तक्ता वर्गांच्या आतल्या चुका दाखवतो. वर्गच चुकीचा आखला असेल, तर त्याबद्दल तो गप्प असतो.

पुढच्या आवृत्त्यांत यादी बदलत गेली. १३ चे २८ वर्ग झाले, नंतर २३. २००८-०९ च्या प्रतिमांवर आधारलेल्या २०११ च्या ॲटलसमध्ये पडीक क्षेत्र ४.६७ कोटी हेक्टरांवर आले, आणि २०१९ च्या ॲटलसमध्ये, २०१५-१६ च्या स्थितीसाठी, पुन्हा ५.५८ कोटी. मधल्या काळात मोजणीखालचा प्रदेशही वाढला होता. हे आकडे एकापुढे एक मांडून ‘पडीक घटली’, ‘पडीक वाढली’ असे लेख लिहिले जातात, ते वाचताना वर्ग आणि क्षेत्र दोन्ही बदलले आहेत हे ध्यानात ठेवावे. जमिनीवर परिणाम झाले ते वेगळेच. २००३ नंतर जैवइंधनासाठी मोगली एरंड लावायला हीच जमीन पुढे करण्यात आली. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळांवर गिरीपुष्पाची झाडे लागली. आता सौर आणि पवन प्रकल्प येत आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटर उरले. अभयारण्य कमी करण्यामागे तिथल्या गावांवर आलेले बांधकामांचे निर्बंधही होते आणि गावकऱ्यांची तक्रार रास्त होती, पण गवताळ रानाला नकाशावर स्वतःचे नाव असते तर वाटाघाटी वेगळ्या झाल्या असत्या, असे मला वाटते.

कोकणातल्या सड्यांची, म्हणजे सपाट कातळ-पठारांचीही हीच कथा आहे. रत्नागिरी-राजापूरचा जांभ्याचा सडा एप्रिलच्या प्रतिमेत उघडा कातळ दिसतो आणि तसाच नोंदला जातो. पावसाळ्यात त्यावर रानफुलांचे गालिचे येतात, आणि त्यावरच्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. विदर्भात उलटे घडले. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन आहे. मुळात ती चराईची, खुरट्या झुडपांची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन धरली. म्हणजे प्रतिमेत सारखीच दिसणारी झुडपे नागपूरला जंगल आणि बार्शीला पडीक.

गेल्या पंधरा-सतरा वर्षांत साधने पार बदलली. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा संग्रह मोफत झाला, २००९ मध्ये भारतीय प्रतिमा पाहण्याचे सरकारी संकेतस्थळ आले, २०१५ मध्ये सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह आला. त्याचा दहा मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि दुसऱ्या जोडउपग्रहासह दर पाच दिवसांनी नवी प्रतिमा. नाशिक किंवा लातूरच्या महाविद्यालयातली मुलगी आज साध्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर उघडून, नमुना क्षेत्रे (यंत्राला वर्ग शिकवण्यासाठी निवडलेली ओळखीची ठिकाणे) निवडून रँडम फॉरेस्ट या संगणकी वर्गीकरण-पद्धतीने तालुक्याचा नकाशा संध्याकाळपर्यंत काढू शकते. प्रतिमा मिळवण्यासाठी अर्ज आणि पैसे लागत, तो काळ अनुभवलेल्यांना हे अपूर्वाईचे वाटते. याच साधनांनी काही परिसंस्था अभ्यासकांनी अलीकडे देशातल्या निमशुष्क खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा स्वतंत्र नकाशा केला. त्यांच्या हिशेबाने ही राने देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत आणि त्यांतली पाच टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रात येतात.

यंत्राने वर्गीकरण करताना अडचण जुनीच राहते, फक्त ती नमुना क्षेत्रांच्या मागे लपते. जगभराच्या दहा मीटरच्या तयार नकाशांत ‘गवताळ जमीन’ आणि ‘झुडपे’ हे वर्ग आहेत, पण दख्खनवर त्यांची कोरडवाहू शेतीशी सर्रास गल्लत होते, कारण ज्वारी काढलेले शेत आणि वाळलेला माळ मार्चमध्ये सारखेच परावर्तन देतात. एकाच तारखेऐवजी वर्षभराचा आलेख घेतला की फरक उमगू लागतो. माळ पहिल्या पावसानंतर लगेच हिरवा होतो आणि सावकाश वाळतो. रब्बीचे शेत पावसाळ्यात उघडे राहते आणि डिसेंबर-जानेवारीत हिरवे होते. पुरंदर, बारामती, करमाळा या भागांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी जुलै अखेर ते सप्टेंबर या काळातल्या ढगांच्या फटीतून मिळणाऱ्या प्रतिमा आणि ढगांआड पाहणाऱ्या रडारच्या प्रतिमा जरूर जोडाव्यात, आणि नमुना क्षेत्रे निवडायला जाताना त्या माळावर मेंढरे चारणाऱ्याला सोबत घ्यावे. कोणता तुकडा कधीच नांगरला गेला नाही, हे त्याला ठाऊक असते.