कृती आणि सहलींतून गृहशिक्षण (बालवय)

लहान मुलांना शाळेत न घालता, किंवा शाळाप्रवेश काही वर्षे लांबवून, त्यांचे शिक्षण घरातील मोठी माणसे स्वतः हाती घेतात, त्याला गृहशिक्षण किंवा होमस्कूलिंग म्हणतात. प्रस्तुत नोंद साधारण ३ ते ८ या वयापुरती आहे. या वयात पुस्तकाचा वाटा थोडा असतो. मूल शिकते ते हाताने करून पाहताना आणि घरच्यांबरोबर बाहेर हिंडताना. शाळेचाच अभ्यासक्रम टपालाने किंवा संगणकावरून घरी पुरा करणे हे दूरशिक्षण होय, आणि शाळा सुटल्यावर घरी करून घेतलेला अभ्यास हा शाळेचाच विस्तार. हे दोन्ही येथे अभिप्रेत नाहीत. ठरावीक अभ्यासक्रम न ठेवता मुलाच्या कुतूहलामागे जाण्याच्या रीतीला अनस्कूलिंग असे नाव आहे. प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबे आखीव अभ्यासक्रम आणि अनस्कूलिंग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि मुलाच्या वयाबरोबर त्यांची जागाही बदलत जाते.

विचारांची वाटचाल

मूल घरी शिकते यात नवे काही नाही. नवी आहे ती त्यामागची जाणीवपूर्वक आखणी. कोमेनिअस (१५९२–१६७०) यांनी पहिली सहा वर्षे आईची मांडी हीच शाळा मानली आणि या वयात मुलाला काय दाखवावे, काय करू द्यावे, याचा तपशीलवार विचार केला. पेस्टालोझी (१७४६–१८२७) यांचा आग्रह होता की आधी वस्तू हातात यावी, शब्द मागून यावा. फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांच्या ‘देणग्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनांत लोकरीचे रंगीत चेंडू आहेत. लाकडी गोल, घन आणि दंडगोल आहेत. घन दोरीला टांगून गरगर फिरवला की दंडगोलासारखा दिसतो. तीन वाक्यांच्या व्याख्येपेक्षा हे एक दृश्य मुलाला आकारांचे नाते अधिक लवकर सांगते.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. ओतणे, पुसणे, बटणे लावणे अशा घरकामांना त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले. ही कामे मुळात घरातलीच, त्यामुळे गृहशिक्षण करणाऱ्यांनी ती सहज उचलली. इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा प्रभाव या क्षेत्रात आजही सर्वांत थेट जाणवतो. सहा वर्षांपर्यंत औपचारिक पाठ नकोत, हवा बरी असेल त्या दिवशी मुलांनी चार ते सहा तास उघड्यावर घालवावेत, पाठ सुरू झाल्यावर तो पंधरा-वीस मिनिटांत संपवावा आणि निसर्गात पाहिलेले वहीत चितारावे, ही त्यांची शिकवण. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बालशिक्षणात विकतच्या साधनांऐवजी खडे, पाने, शिंपले यांचा वापर रुजवला. त्यांचे काम बालवाड्यांतले, पण शिकण्यासाठी महागड्या साधनांची गरज नसते हे त्यातून सिद्ध झाले आणि ते घरालाही तितकेच लागू पडते. आधुनिक गृहशिक्षणाच्या चळवळीला अमेरिकेत जॉन होल्ट (१९२३–१९८५) यांनी आवाज दिला. शाळेशिवाय वाढणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांनी १९७७ मध्ये नियतकालिक सुरू केले.

घरातल्या कृती

चांगल्या कृतीची खूण अशी की तिच्यात चूक झाली तर ती मुलाला आपोआप दिसते. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना सांडले तर जमीन ओली होते. ‘चुकलास’ असे कोणी म्हणावे लागत नाही. फडके हाताशी ठेवले की पुसणेही त्याच कृतीचा भाग होते. आठवडाभर हा खेळ चालला की मनगट स्थिरावते, आणि पुढे पेन्सिल धरायला लागते ते बळ याच मनगटातून येते.

याच पाण्याने विचाराचाही ठाव घेता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. मुलासमोर एकातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतावे आणि जास्त कुठे आहे ते विचारावे. साधारण सात वर्षांखालचे मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी या निरीक्षणावर मोठा सिद्धांत उभा केला. पालकाने मात्र येथे सिद्धांत सांगू नये आणि उत्तरही दुरुस्त करू नये. पाणी परत मूळ पेल्यात ओतू द्यावे आणि गप्प राहावे. काही महिन्यांनी तेच मूल ‘तेवढंच आहे, भांडं बारीक आहे’ असे आपणहून म्हणते. ते वाक्य त्याचे स्वतःचे असते, म्हणून टिकते. गृहशिक्षणात घाई नसण्याचा जो लाभ आहे तो अशा ठिकाणी दिसतो: वर्गात हा प्रश्न एका तासिकेत संपवावा लागतो, घरी तो वर्षभर उघडा राहू शकतो.

काचेच्या बरणीच्या आत ओला टीपकागद लावून त्याच्या आणि काचेच्या मध्ये घेवड्याचे बी ठेवले की काही दिवसांत मूळ बाहेर येताना दिसते. बरणी आडवी केली तर मूळ वळून पुन्हा खाली जाते. अंगणात काठी रोवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूची खूण केली की दिवसाचा आकार जमिनीवर उमटतो. चंद्र रोज एकाच वहीत काढला तर सुमारे साडेएकोणतीस दिवसांनी पहिले चित्र परत येते. वर्गीकरणासाठी घरातली बटणे, किल्ल्या, चमचे पुरतात. मात्र कशाच्या आधारे वेगळे करायचे ते मुलाला ठरवू द्यावे. मोठ्यांना न सुचलेले निकष येथे हमखास निघतात.

अक्षरे आणि अंक यांची घाई या वयात अनाठायी ठरते. रोज मोठ्याने वाचून दाखवलेली गोष्ट, शब्दांच्या सुरुवातीच्या ध्वनींचे खेळ, वाळूत बोटाने गिरवलेले अक्षर, जिना चढताना मोजलेल्या पायऱ्या, एवढ्यावर पाया भक्कम होतो.

कुटुंबाची सहल

सहल म्हणजे लांबचा प्रवास असा समज आहे, आणि त्यामुळेच पुष्कळ घरांत त्या होत नाहीत. चालत जाता येईल असे एक झाड निवडून वर्षभर दर आठवड्याला त्यालाच भेटणे ही उत्तम सहल आहे. खोडाचा घेर सुतळीने मोजावा, सालीवर कागद ठेवून मेणखडूने तिचा ठसा घ्यावा, गळलेली पाने तारखेसह वहीत डकवावीत. चौथ्या-पाचव्या भेटीनंतर मूल बदल टिपू लागते, आणि बदल टिपता येणे ही निरीक्षणाची खरी सुरुवात आहे. पहिल्या भेटीत सगळेच नवे असते, त्यामुळे तुलनेला आधार नसतो.

दुसऱ्या प्रकारच्या सहली माणसांच्या कामाकडे नेतात: टपाल कार्यालय, सुताराचे दुकान, छापखाना, रेल्वे स्थानक, शेत. येथे पाहण्यापेक्षा विचारणे महत्त्वाचे. निघण्यापूर्वी घरी एकच प्रश्न ठरवावा, उदाहरणार्थ ‘पेटीत टाकलेलं पत्र पुढे कुठे जातं?’, आणि तो मुलानेच त्या माणसाला विचारावा. संग्रहालयात सगळी दालने पुरी करण्याचा अट्टहास मुलांना नुसता थकवतो. दोन-तीन वस्तूंसमोर जमिनीवर बसून त्या चितारल्या आणि अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडले तर पुढच्या वेळी मूलच चल म्हणते.

सहलीचा कस घरी परतल्यावर लागतो. पाहिलेले हाताने पुन्हा घडले नाही तर ते विरून जाते. स्थानक पाहून आलेले मूल काड्यापेट्यांचे डबे जोडते, रुळ कुठे दुभागतात यावर अडते, आणि ते नीट पाहायला पुन्हा जायचे म्हणते. कृतीने प्रश्न निर्माण केला, त्याने पुन्हा बाहेर नेले. या दुहेरी येरझारीला पद्धतीचा कणा म्हणता येईल. म्हणून नव्या दहा जागांपेक्षा एकाच जागी तीनदा जाणे बहुधा अधिक फळते.

सुरक्षिततेत तडजोड नको. पाण्याजवळ मोठ्या माणसाची नजर सतत असावी, अनोळखी फळे आणि अळंबी तोंडात जाऊ नयेत, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती गिळता येतील असे मणी-खडे देऊ नयेत.

मोठ्यांचे काम

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी मुलाला एकट्याने जमते ते आणि मदतीने जमते ते यांमधील पट्ट्याकडे लक्ष वेधले. पालकाची जागा त्या पट्ट्यात आहे. गाठ मारताना पहिला पीळ आपण द्यावा आणि पुढचे सोडून द्यावे. त्याहून कठीण काम म्हणजे थांबणे: मूल अडखळले की हात आपोआप पुढे जातो, तो आवरावा लागतो. दिवसाकाठी तास-दीड तास आखलेले काम या वयाला पुरेसे असते. तारीख घातलेली चित्रे, छायाचित्रे आणि मुलाची त्या-त्या वेळची वाक्ये नोंदवून ठेवल्यास प्रगती दिसत राहते.

कायदा आणि मर्यादा

कायद्याची स्थिती देशोदेशी भिन्न आहे. अमेरिकेच्या सर्व राज्यांत गृहशिक्षणाला मान्यता असली तरी नियम वेगवेगळे आहेत. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत ‘किंवा अन्य मार्गाने’ शिक्षण देण्याची मुभा पालकांना दिली. जर्मनीत शाळेत जाणेच बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे झाले आणि २०२२ पासून गृहशिक्षणाला आधी परवानगी लागते. निर्णयापूर्वी आपल्या देशाचा नियम पाहणे अपरिहार्य आहे.

गृहशिक्षित मुलांच्या यशाचे आकडे सावधपणे वाचावेत, कारण असे बरेच अभ्यास स्वखुशीने पुढे आलेल्या कुटुंबांवर आधारलेले असतात. वेळ आणि मिळकत यांची ओढाताण खरी असते, आणि तिचा भार बहुधा आईवर पडतो. हे घरात आधीच मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. ऐकण्यातील, दृष्टीतील किंवा वाचनातील अडचण शिक्षकाच्या लक्षात आली असती ती घरी उशिरा कळू शकते, म्हणून नियमित तपासणी हवी. समवयस्कांचा सहवासही आपोआप मिळत नाही. त्यासाठी दोन-चार कुटुंबांनी ठरावीक वारी एकत्र बाहेर पडण्याची रीत सोयीची ठरते. पुढे शाळेत जाणाऱ्या मुलाला अभ्यासापेक्षा पाळी येईपर्यंत थांबणे, अनेकांत एकाचे ऐकणे आणि घंटेबरोबर हातातले काम सोडणे अधिक जड जाते. त्याची सवय प्रवेशाच्या काही महिने आधीपासून या गटातच लावता येते.