वांग्यातली अळी आणि कपाशीच्या पाकिटातली छोटी पुडी

भरतासाठी आणलेले तुकतुकीत वांगे चिरले की पुष्कळदा आत काळपट विष्ठेने भरलेली वेडीवाकडी वाट निघते. बाहेरून त्याची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र. शेंडे आणि फळे पोखरणारी ही अळी एकदा आत शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ती शिरण्याआधीच तिला गाठण्यासाठी शेतकरी हंगामभर फवारण्या करीत राहतो, आणि त्या औषधाचा अंश भाजीसोबत आपल्या घरी येतो.

बीटी वांग्याची कल्पना या अडचणीतून आली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (थोडक्यात ‘बीटी’) या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक जालन्याच्या महिको कंपनीने वांग्यात घातले. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, तिथल्या पेशींना चिकटून त्यांना छिद्रे पाडते आणि अळी खाणे सोडून मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि ते प्रथिन जिथे चिकटते ते ग्राही आपल्या आतड्यात नसतात, त्यामुळे इतर प्रथिनांसारखे तेही पचून जाते. केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये या वांग्याला मान्यता दिली. मात्र नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच तंत्र स्वीकारले आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या फवारण्या घटल्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आठवले की कमी फवारणी हा लाभ किती मोठा आहे ते कळते.

आपण बीटी खातच नाही, असे मात्र समजू नये. २००२ पासून देशात बीटी कपाशी आहे आणि आज बहुतेक सगळी कपाशी तीच आहे. तिच्या सरकीचे तेल आपल्या खाण्यात येते आणि पेंड म्हशींच्या गव्हाणीत जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही, म्हणून तेलावरून सगळ्याच जीएम, म्हणजे जनुके बदललेल्या पिकांच्या, अन्नाचा निर्वाळा देता येणार नाही. ब्राझील नटाचे जनुक घातलेल्या सोयाबीनची तपासणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या नटाची ॲलर्जी असलेल्यांना हे सोयाबीनही बाधेल असे दिसून आले आणि ते बाजारात आलेच नाही. म्हणून प्रत्येक जनुक आणि प्रत्येक पीक स्वतंत्रपणे तपासावे लागते. ‘जीएम चांगले की वाईट’ या एका प्रश्नाला एक उत्तर नाही.

माझ्या मते आपली खरी चूक ताटात नव्हे, शेतात झाली. कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळत असे. ते बियाणे बीटीच्या कडेने लावायचे होते, म्हणजे त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी संकर करतात आणि पुढच्या पिढीत बीटी पचवण्याची ताकद सहसा दिसत नाही. पण अळीला मुद्दाम खाऊ घालायला जमीन कोण सोडणार? बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. शिवाय पाण्याची सोय असली की फरदड घेतली जाई, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही तीच झाडे शेतात ठेवून पुढचे पीक घेतले जाई, आणि मुख्यतः कपाशीवरच जगणाऱ्या शेंदरी बोंडअळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत अन्न मिळत राही. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही ती पुरून उरली. २०१७ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात बोंडेच्या बोंडे किडकी निघाली.

वांग्याचा निर्णय पुन्हा पुढे येईल तेव्हा कपाशीचा हा अनुभव जमेस धरावा लागेल. वांगे मूळचे आपल्याच भूभागातले; जळगावच्या भरताच्या वांग्यासारखी कितीतरी स्थानिक वाणे इथे आहेत आणि कीटकांमार्फत त्यांच्यात थोडाफार परागसंकर होतोच. ज्याच्याकडे वांग्याखाली जेमतेम दहा गुंठे आहेत, त्याने नॉन-बीटीच्या ओळी कुठे लावायच्या आणि त्या ओळींतल्या किडक्या मालाची भरपाई त्याला कोण देणार, हे बियाणे बाजारात येण्याआधी ठरले पाहिजे.