दक्षिण आफ्रिकेवरील क्रीडा-बहिष्कार

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीचा निषेध म्हणून त्या देशाच्या गोऱ्या संघांशी खेळायला अनेक देशांनी आणि क्रीडासंघटनांनी दिलेला नकार. १९५० च्या दशकाच्या मध्याला सुरू झालेला हा बहिष्कार १९९१-९२ पर्यंत टिकला. क्रिकेट, रग्बी, टेनिस, फुटबॉल, ॲथलेटिक्स असे जवळजवळ सगळे खेळ त्यात ओढले गेले. भारताने तर त्यापायी डेव्हिस चषक या सांघिक टेनिस स्पर्धेच्या अंतिम लढतीवर पाणी सोडले.

‘खेळात राजकारण आणू नका’ हा बहिष्काराच्या विरोधकांचा आवडता युक्तिवाद होता. पण राजकारण खेळात आधीच होते, आणि ते सरकारनेच आणले होते. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आल्यावर वस्त्या, शाळा, रेल्वेचे डबे यांची वर्णानुसार वाटणी झाली. मैदानेही त्यातून सुटली नाहीत. गोऱ्यांनी आणि गोरेतरांनी आपापले खेळ वेगळे ठेवावेत, असे धोरण १९५६ मध्ये गृहमंत्री एबेन डॉन्गेस यांनी जाहीर केले. राष्ट्रीय संघात जागा फक्त गोऱ्यांना होती. म्हणजे ‘दक्षिण आफ्रिका’ या नावाने जो संघ परदेशात उतरे, तो देशातल्या बहुसंख्य लोकांना वगळूनच निवडलेला असे.

याचा अर्थ काय होता, हे पापवा सेवगोलम यांच्या कहाणीइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. डर्बनचे हे भारतीय वंशाचे गोल्फपटू कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे, काम करता करता स्वतःच खेळ शिकले. त्यांची काठी धरण्याची पद्धत जगावेगळी, हातांची जागा उलटी. त्यांनी डच ओपन तीनदा जिंकली. १९६३ मध्ये डर्बनमध्येच नाताळ ओपन (नाताळ हा डर्बनचा प्रांत) जिंकली, तेव्हा पाऊस पडत होता. गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत होते आणि विजेत्याला आत प्रवेश नव्हता. चषक त्यांच्या हाती बाहेर पावसात देण्यात आला. ते छायाचित्र जगभर गेले. १९६५ मध्ये त्यांनी त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेचे नामवंत गोरे गोल्फपटू गॅरी प्लेअर यांना मागे टाकले. पुढे गोऱ्यांच्या स्पर्धांची दारेच त्यांना बंद झाली.

क्रिकेटमध्ये ठिणगी पडली ती बेसिल डॉलिव्हेरा यांच्यावरून. केपटाउनमध्ये जन्मलेल्या, तिथल्या कायद्याने ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, ठरलेल्या या फलंदाजाला मायदेशात कसोटी खेळणे अशक्य होते. १९६० मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढे इंग्लंडकडूनच कसोटी खेळू लागले. ऑगस्ट १९६८ मध्ये त्यांनी ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा केल्या, तरी दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून निवड समितीने त्यांना वगळले. गदारोळ झाला. टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडल्यावर डॉलिव्हेरांची निवड झाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर यांनी हा संघ वर्णभेदविरोधी चळवळीने निवडलेला असल्याचे सांगून त्याला नकार दिला. दौरा रद्द झाला. एका माणसाच्या त्वचेच्या रंगासाठी एक सरकार पाहुण्या देशाचा संघ ठरवू पाहत होते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

ऑलिंपिकची दारे १९६४ च्या टोकियो स्पर्धेपासून बंद झाली होती. १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दक्षिण आफ्रिकेची हकालपट्टीच केली. या लढ्यामागे कवी डेनिस ब्रूटस यांच्यासारखे देशातलेच कार्यकर्ते होते. समाजच जर धड नसेल तर त्यातला खेळ धड कसा असेल, हा तिथल्या गोरेतर क्रीडासंघटनांचा सवाल होता.

भारताची भूमिका जुनी होती. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाविरुद्ध १९४६ मध्येच भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. पण त्या भूमिकेची खरी कसोटी १९७४ मध्ये लागली. त्या वर्षी डेव्हिस चषकात विजय आणि आनंद अमृतराज हे बंधू, जसजित सिंग आणि शशी मेनन यांचा संघ बहरात होता. कोलकात्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले; त्या एका लढतीत तब्बल ३२७ गेम खेळले गेले. मग पुण्यात सोव्हिएत संघाला नमवून भारताने अंतिम फेरी गाठली. समोर होती दक्षिण आफ्रिका. सरकारचा निर्णय ठाम होता : खेळायचे नाही. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली आणि चषक एकही चेंडू न मारता तिच्याकडे गेला. डेव्हिस चषकाच्या इतिहासात अंतिम लढत न खेळता विजेता ठरल्याचे हे एकमेव उदाहरण आहे.

त्याआधी १९६६ मध्ये आणि नंतर १९८७ मध्ये भारत अंतिम फेरीत पोचला, पण हरला. चषक आजवर मिळालेला नाही. त्यामुळे १९७४ ची हुरहुर टेनिसप्रेमींच्या मनातून जात नाही, आणि ती खरीच आहे : किंमत मंत्रालयाने नव्हे, वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूंनी मोजली. तरीही प्रस्तुत लेखकाला तो निर्णय योग्यच वाटतो. तिरंगा विजयमंचावर चढवण्यातच राष्ट्राभिमान असतो असे नाही. ज्या देशात सेवगोलम पावसात उभे राहिले, त्याच्याशी हस्तांदोलन नाकारण्यातही तो असतो.

१९७६ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यानंतरही न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत खेळत राहिला, म्हणून बहुतेक आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिक सोडले. १९७७ मध्ये राष्ट्रकुल देशांनी दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध रोखण्यासाठी ग्लेनइगल्स करार केला. पैशाच्या जोरावर बहिष्कार मोडून केलेले क्रिकेटचे ‘बंडखोर’ दौरे मात्र सुरू राहिले. त्यात सामील झालेल्या वेस्ट इंडिजच्या खेळाडूंवर आजन्म बंदी आली, तर १९८२ च्या इंग्लिश खेळाडूंना केवळ तीन वर्षांची. ही विषमता बहिष्काराच्या इतिहासातला सलणारा भाग आहे. भारतानेही दक्षिण आफ्रिकेत खेळून आलेल्यांबाबत कडक धोरण ठेवले. ग्रॅहम गूच आणि त्यांचे सहकारी संघात असल्यामुळे इंग्लंडचा १९८८-८९ चा भारत दौरा झाला नाही.

नेल्सन मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले, वर्णभेदाचे कायदे मोडीत निघू लागले आणि १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला क्रिकेटमध्ये पुन्हा प्रवेश मिळाला. पहिला सामना झाला तो भारतातच : १० नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन्स. पुढच्या वर्षी भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेत गेला. पहिली कसोटी डर्बनला होती. तिथे यजमान संघातून ओमर हेन्री या गोरेतर खेळाडूने पदार्पण केले, आणि रमाकांत आचरेकरांच्या तालमीत वाढलेल्या मुंबईच्या प्रवीण आमरे यांनी आपल्या पहिल्याच कसोटीत १०३ धावा काढल्या. सेवगोलम यांचे शहर ते हेच. ते १९७८ मध्येच वारले होते.