२१ हजारांची रेघ

कोल्हापुरात सुभाषनगरात घरबसल्या चपलेच्या वेण्या घालणारी एखादी विधवा बाई डोळ्यांसमोर आणा. पदरात दोन पोरं. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये येतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर अट एकच जाचते: घरचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिना १,७५०. वेण्यांच्या जोडीला दोन घरची धुणीभांडी धरली की ही रेघ मागे पडते. महिना १,७०० वरून २,२०० वर गेलं, तर पाचशे वाढले आणि दीड हजार गेले. मग तिने काम कमी करायचं, की केलेलं काम दाखवायचंच नाही?

अर्थशास्त्रज्ञांनी हे कोडं सगळ्यात बारकाईने सोडवलं ते अमेरिकेतल्या एकट्या आयांच्या बाबतीत. तिथे १९३५ पासून मुलं असलेल्या गरीब घरांना रोख मदत मिळत होती. १९८१ नंतर तिचे नियम इतके कडक झाले की बाई कामाला लागून चार महिने उलटले, की तिच्या कमाईच्या जवळजवळ प्रत्येक डॉलरमागे मदतीतला एक डॉलर कापला जाई. राबूनही हातात तेवढेच पैसे! ऑगस्ट १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ती योजनाच मोडीत निघाली. काम करणं सक्तीचं झालं, आणि केंद्राच्या पैशातून मदत आयुष्यभरात ६० महिनेच. १९९४ मध्ये सुमारे ५० लाख कुटुंबं यादीत होती, २००० पर्यंत त्यांतली निम्मीही उरली नाहीत. नोकरी करणाऱ्या एकट्या आया झपाट्याने वाढल्या.

कायद्याचे समर्थक खूश झाले. पण त्याच काळात अमेरिकेत नोकऱ्यांचा सुकाळ होता. शिवाय १९९३ मध्ये कमावत्या गरिबांसाठीची करसवलत वाढवली होती. १९९६ पासून दोन मुलांच्या आईला सुरुवातीच्या कमाईतल्या प्रत्येक डॉलरवर सरकार ४० सेंट वरून देऊ लागलं. कमाई शून्य, तर सवलतही शून्य. ब्रूस मेयर आणि डॅन रोझेनबॉम यांनी १९८४ ते १९९६ चे आकडे तपासले, तेव्हा आया कामावर जाण्याच्या वाढीतला मोठा वाटा करातल्या या बदलांचा निघाला. धाकाइतकंच, कदाचित जास्तच, आमिषाने काम केलं असं माझं मत आहे.

सगळ्यात बोलका प्रयोग कनेक्टिकट राज्यातला. तिथे कोणाला जुने नियम आणि कोणाला नवे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. त्यामुळे दोन्ही गटांतल्या बाया सारख्याच होत्या आणि पुढे पडलेला फरक नियमांचाच. नव्या नियमांत दारिद्र्यरेषेपर्यंतच्या कमाईवर एक सेंटही कपात नाही, रेघ ओलांडली की सगळी मदत बंद, आणि एकूण मुदत २१ महिने. बिटलर, गेल्बाक आणि होइन्स या तिघांनी २००६ मध्ये दाखवलं की सरासरी इथे फसवी आहे. तळाच्या बायकांच्या कमाईत फरक नाही, मधल्यांची वाढली, आणि मुदत संपायच्या आधी वरच्या टोकाची कमाई चक्क घटली. रेघेच्या आत राहणं फायद्याचं होतं, म्हणून! अर्थात कमाईचे हे आकडे मालकांनी सरकारला कळवलेल्या पगारांचे. रोखीची वरकड कामं त्यांत येत नाहीत. कॅथरीन एडिन आणि लॉरा लाइन यांनी मदतीवरच्या आयांच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा नुसत्या मदतीवर भागवणारी बाई जवळपास सापडलीच नाही. नातेवाईक, मुलांचे बाप, आणि न सांगितलेली कामं यांवर घर चालत होतं.

आपल्याकडे तर वेण्यांचे पैसे नगावर, रोख आणि हातोहात मिळतात. ‘जादा कमाईच्या तीन रुपयांमागे एक रुपया कापा’ असा हळूहळू उतरता नियम कागदावर छान दिसतो, पण ती कमाई मोजायची कोणी? तलाठ्याने? म्हणून रेघ कुठे ओढली याला इथे जास्त महत्त्व. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेतही महिना १,५०० रुपयेच आहेत, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता २१ ते ६५ वयात पात्र आहेत, फक्त दोन्हीकडचे पैसे एकत्र घेता येत नाहीत. मात्र तिथली उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. वेण्या घालणाऱ्या बाईने तिसरं घर धरलं तरी ती या रेघेच्या आसपासही जात नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर अर्जासोबत उत्पन्नाचा दाखलाही मागितलेला नाही.