पार्श्वभूमी : दाखल्यावरचे ‘लोकल बोर्ड’ म्हणजे कोण?

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या शाळांतली जुनी जनरल रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. पणजोबांचे नाव सापडले की सगळ्यांची नजर आधी जातीच्या रकान्याकडे धावते. आमच्याकडेही तेच झाले. उताऱ्याच्या माथ्यावर शाळेच्या नावाआधी ‘डि. लो. बोर्ड’ अशी अक्षरे होती. ती वाचून घरातल्या विशीतल्या मुलाने विचारले, “हे बोर्ड म्हणजे एसएससी बोर्ड का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, म्हणजेच जिल्हा लोकल बोर्ड, ही संस्था बंद होऊन साठ वर्षे उलटली. आजीच्या पिढीच्या तोंडी मात्र जिल्हा परिषदेची शाळा कायम ‘बोर्डाची शाळा’च राहिली. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत शाळा, रस्ता, विहीर, दवाखाना, धर्मशाळा यांतले जे काही सार्वजनिक होते, त्यातले बरेचसे या बोर्डाच्या नावावर होते. शहराला म्युनिसिपालिटी तसे खेड्याला लोकल बोर्ड, अशी सरळ वाटणी.

सुरुवात बोर्डापासून नाही, पैशापासून झाली. १८६३ पासून मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा सेस, म्हणजे उपकर, जादा घ्यायला सुरुवात केली. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. हा पैसा सरकारी तिजोरीत मिसळायचा नाही, ज्या जिल्ह्यात गोळा झाला त्याच जिल्ह्यात खर्च करायचा, असा दंडक होता. म्हणून त्याचे नाव लोकल फंड. दोन हिस्से रस्ते-विहिरींना, एक हिस्सा शाळांना. म्हणजे वर्षाला २४ रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याने वर दीड रुपया द्यायचा. त्यातला एक रुपया सडकेच्या मुरुमात जायचा आणि आठ आणे मास्तरांच्या पगारात. कायद्याचा आधार या वसुलीला मिळाला तो १८६९ मध्ये. तोवर पाच-सहा वर्षे ती कायद्याविनाच चालू होती, हे जाता जाता नोंदवायला हवे.

पैसा कुठे घालायचा हे ठरवायला जिल्हा आणि तालुका पातळीवर लोकल फंड कमिट्या होत्या. जिल्ह्याच्या कमिटीत कलेक्टर, असिस्टंट आणि डेप्युटी कलेक्टर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर. आणि लोकांच्या बाजूने एक इनामदार व सहा जमीनधारक. तालुक्याला प्रांत, मामलेदार, बांधकामाचा माणूस, शाळांचा डेप्युटी इन्स्पेक्टर, आणि पुन्हा तोच एक इनामदार व सहा जमीनधारक. कलेक्टरसाहेब खुर्चीत बसलेले असताना त्यांच्याच कृपेने कमिटीवर आलेले सहा खातेदार रस्ता इकडून न्यायचा की तिकडून यावर किती बोलत असतील, याची कल्पना करता येते.

सेसखेरीज इतर बारीकसारीक मिळकतीही याच फंडात जमा होत. नदीवरच्या तरीचे, म्हणजे नावेने पार नेण्याचे, उत्पन्न, टोलनाक्याचा ठेका, कोंडवाड्याचा दंड, वाळू आणि दगडाच्या खाणींची फी. दुसऱ्याच्या रानात शिरलेली म्हैस कोंडवाड्यातून सोडवून आणताना भरलेले चार-सहा आणेही कुठल्यातरी विहिरीच्या बांधकामाला लागत होते.

याच काळात, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना, हे त्यांचे मुख्य म्हणणे. ते लोकल फंडालाही लागू होते. सेस भरणारा एक, शाळेत बसणारा दुसरा.

त्याच वर्षी १८ मे रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला होता. खेड्यांसाठी तालुक्याएवढ्या लहान टापूची मंडळे करा, त्यांत बिनसरकारी सदस्य बहुसंख्य असू द्या, अध्यक्ष शक्यतो सरकारी अधिकारी नको, असा त्याचा आशय. कारभार सुधारावा यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा आपला हेतू आहे, असे रिपननी स्वतःच म्हटले होते. मुंबई सरकारने १८८४ मध्ये त्यावर कायदा केला. कमिट्यांच्या जागी तालुका लोकल बोर्ड आणि जिल्हा लोकल बोर्ड आली, काही सदस्य निवडून येऊ लागले. पण जिल्हा बोर्डाच्या खुर्चीत कलेक्टर आणि तालुका बोर्डाच्या खुर्चीत प्रांत हे चित्र पुढची तीसेक वर्षे फारसे बदलले नाही. तालुका बोर्डांना तर स्वतःचे वेगळे उत्पन्नच नव्हते. जिल्ह्याने जे वाटून दिले त्यात भागवायचे. ठराव रिपनचा, कायदा मुंबईचा आणि किल्ली कलेक्टरच्या खिशात.

तरीही या बोर्डांना एक अनपेक्षित महत्त्व आले. १८९२ च्या सुधारणेनंतर प्रांतिक कायदेमंडळात काही सदस्य पाठवण्याचा अधिकार लोकल बोर्डांना मिळाला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक मुंबई कायदेमंडळात गेले ते पुणे शहराच्या नावावर नव्हे, तर मध्य विभागातल्या लोकल बोर्डांचे प्रतिनिधी म्हणून. रस्ते आणि कोंडवाडे पाहण्यासाठी काढलेल्या मंडळांतून सरकारला कौन्सिलात जाब विचारणारा माणूस गेला. ज्यांनी ही मंडळे काढली त्यांना हे राजकीय शिक्षण कितपत रुचले असेल कोण जाणे.

खरा बदल १९२३ मध्ये झाला. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य आणि शिक्षण ही खाती भारतीय मंत्र्यांकडे आली होती. मुंबईत शिक्षणमंत्री होते रँग्लर र. पु. परांजपे. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने सरकारी शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती दिला. सक्तीचे शिक्षण लागू करायची योजना लोकल बोर्डाने आखली तर वाढीव खर्चाचे दोन-तृतीयांश सरकार देणार, अशी त्यात तरतूद होती. दुसरा नवा लोकल बोर्ड कायदा. त्याने बोर्डांवर निवडून आलेल्यांचे वजन वाढवले आणि अध्यक्ष बिनसरकारी व सदस्यांनी निवडलेला असावा ही रीत पक्की केली. मत मात्र ठरावीक सारा भरणाऱ्यालाच होते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला बोर्डही नाही.

पण आता बोर्डाच्या हाती शाळा होत्या, म्हणजे मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या होत्या. ब्राह्मणेतर चळवळीत तयार झालेल्या कार्यकर्त्यांनी याच सुमारास तालुक्याच्या गावातले वकील आणि इनामदार यांच्या हातून बोर्डांच्या जागा घ्यायला सुरुवात केली. पुढच्या महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाचे बाळसे इथले आहे, असे मला वाटते. साखर कारखाने नंतरचे. बाळशाबरोबर खोडीही आल्या. निवडणुकीत कोणी कोणाचे काम केले यावर मास्तराची बदली आठ मैलांवर की चाळीस मैलांवर हे ठरते, ही तक्रार तेव्हापासूनची.

आणखी एक प्रश्न त्याच वर्षी बोर्डांच्या दारात आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. लोकल बोर्डाची विहीर याच व्याख्येत बसते. ठराव कागदावर आला, पण गावच्या विहिरीवरचा रहाट तसा हलला नाही. म्हणून बोल्यांना १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणावा लागला : अंमल न करणाऱ्या स्थानिक संस्थांना सरकारी अनुदान देऊ नये. त्याच मूळ ठरावाच्या आधाराने मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. ते तळे म्युनिसिपालिटीच्या हद्दीतले. पण खेड्यातल्या बोर्डाच्या विहिरींची गोष्ट वेगळी नव्हती.

पुढचा प्रवास उतरणीचा. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात तालुका लोकल बोर्डे रद्द झाली. दोन पातळ्यांचा खर्च वाचला, पण लोकांच्या जवळचे बोर्ड गेले आणि जिल्ह्याच्या गावापर्यंत हेलपाटा घालणे आले. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांच्या कारभारावर सरकारी पकड पुन्हा घट्ट झाली. सारा स्थिर आणि सेस साऱ्याला बांधलेला, त्यामुळे उत्पन्न महागाईबरोबर वाढण्याची सोय नव्हती. बिनडांबरी रस्ते, औषध संपलेले दवाखाने आणि सरकारी ग्रँटची वाट बघणारा अध्यक्ष, एवढेच शेवटी उरले.

हे सगळे मुंबई इलाख्यापुरते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा एकाच राज्यात खेड्यांचा कारभार तीन तऱ्हांनी चालत होता. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणात १९२३ च्या कायद्याची लोकल बोर्डे. मराठवाड्यात १९५५ च्या हैदराबाद कायद्याची जिल्हा बोर्डे. आणि विदर्भात जनपद सभा. जुन्या मध्य प्रांताने १९४८ मध्ये जिल्ह्याऐवजी तहसील हेच एकक धरून जनपदे काढली होती. त्यामुळे वऱ्हाड-नागपूरकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘जनपदची शाळा’ येते, ‘बोर्डाची’ नाही. कुणाचा जुना दाखला शोधताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

या तिन्हींचा मेळ घालायला महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवरील पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने वजन जिल्ह्यावर, म्हणजे जिल्हा परिषदेवर टाकले. त्यासाठी कारण साधे होते : तालुक्याएवढ्या संस्थेला इंजिनिअर, डॉक्टर आणि शिक्षणाधिकारी पोसणे झेपणार नाही. आमदार-खासदारांना आणि कलेक्टरलाही परिषदेबाहेर ठेवून कारभारासाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. १८८४ पासून चाललेला खुर्चीचा वाद निदान कागदावर तरी मिटला.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि बोर्डांची मालमत्ता, देणी, नोकरवर्ग आणि दप्तर त्यांच्याकडे गेले. रुपयामागचा आणाही गेला नाही. शेतसाऱ्याच्या पावतीवर जिल्हा परिषदेचा उपकर आजही वेगळा दाखवलेला असतो. आमच्या गावच्या शाळेनेही नवे रजिस्टर घातले नाही. त्या जूनमध्ये आलेल्या पहिल्या मुलाचे नाव हेडमास्तरांनी जुन्याच रजिस्टरात, पुढचा अनुक्रमांक टाकून, त्याच निळ्याजांभळ्या शाईने लिहिले आहे. माथ्यावरचे ‘डि. लो. बोर्ड’ खोडायला त्यांना सवड झाली नसावी.