भाड्यातून हप्ता फिटत नाही

‘फ्लॅट घ्या, भाड्यातून हप्ता फिटेल’ असं पुण्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. समजा खराडीतल्या 80 लाखांच्या फ्लॅटला 25,000 भाडं आहे. 64 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं: हप्ता साधारण 55,500! त्या भाड्यातूनही मेंटेनन्स आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा होतो. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी महापालिकेची 40 टक्के करसवलतही जाते.

त्यामुळे नफा खरेदीच्या भावातच शोधावा लागतो. एजंटच्या आकड्यावर विसंबू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या ताज्या व्यवहारांचे इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचे सारांश, काढा. त्यात ‘मोबदला’, म्हणजे सौद्याची नोंदवलेली किंमत, पाहा. ‘बाजारभाव’ हा रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराचा, आकडा असतो, त्यावरून सौदा तोलू नका.