कोलंबस (इंडियाना)

अमेरिकेतील इंडियाना राज्यातले एक लहान औद्योगिक शहर आणि बार्थोलोम्यू काउंटीचे मुख्य ठाणे. लोकसंख्या ५०,४७४ (२०२०). इंडियानापोलिसच्या दक्षिणेस सुमारे ७० किमी.वर, फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या नद्यांच्या संगमाशी ते वसले आहे. ओहायो राज्याची राजधानी असलेले मोठे कोलंबस वेगळे. तिकीट काढताना ही गल्लत अनेकांची होते. १८२१ मध्ये गाव वसले तेव्हा जनरल जॉन टिप्टन यांच्यावरून त्याचे नाव ‘टिप्टोना’ ठेवले होते, ते त्याच वर्षी बदलले.

चहूकडे मका आणि सोयाबीनची सपाट शेते. महामार्गावरून जाणाऱ्याने इथे गाडी वळवावी असे वरवर काही दिसत नाही. पण गावात शिरले की शाळा, बँक, अग्निशमन केंद्र, वाचनालय अशा रोजच्या वापरातल्या इमारतींसमोर पाय थबकतात. विसाव्या शतकातल्या नामवंत वास्तुविशारदांनी त्या उभारल्या आहेत. आधुनिक काळातल्या सात इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. एवढ्याशा गावाच्या मानाने ही संख्या थक्क करणारी आहे.

याचे मूळ एका डिझेल इंजिनाच्या कारखान्यात आहे. क्लेसी कमिन्स हा स्थानिक बँकमालक डब्ल्यू. जी. अर्विन यांचा मोटारचालक आणि हाडाचा मेकॅनिक. अर्विन यांच्या पैशावर १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी निघाली. पुढे कंपनीची सूत्रे अर्विन घराण्यातल्या जे. अर्विन मिलर (१९०९–२००४) यांच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली, घाईघाईने शाळा बांधायची वेळ आली, आणि चांगले अभियंते या आडगावी यावेत तर त्यांच्या मुलांना शाळाही चांगली हवी, हे मिलर यांनी ओळखले. कमिन्स फाउंडेशनने शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही दिलेल्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याची फी आम्ही भरू. बांधकामाचा खर्च मंडळाचा आणि आराखड्याचा निर्णयही मंडळाचा. हॅरी वीझ यांनी बांधलेली श्मिट प्राथमिक शाळा (१९५७) हे या योजनेचे पहिले फळ. पुढे ती इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. या योजनेचे खरे मोल पैशापेक्षा या अटींत आहे. दाता गावावर आपली आवड लादत नाही, आणि गावालाही निवडीची जबाबदारी झटकता येत नाही.

योजनेच्या आधीच सुरुवात झाली होती. इलिएल सारिनेन या फिनलंडहून आलेल्या वास्तुविशारदाने बांधलेले फर्स्ट ख्रिश्चन चर्च १९४२ मध्ये पूर्ण झाले. विटा आणि चुनखडीच्या दगडाची साधी चौकोनी इमारत, बाजूला सुमारे ५० मी. उंचीचा मनोरा. आत सगळे मुद्दाम मध्यापासून सरकवलेले आहे. क्रूससुद्धा बरोबर मधोमध नाही. इलिएल यांचा मुलगा एरो सारिनेन हा मिलर यांचा मित्र झाला. त्याने बांधलेल्या अर्विन युनियन बँकेत (१९५४) खातेदार आणि कारकून यांच्यामधले गज काढून टाकले, भिंती काचेच्या केल्या. छपरावरचे नऊ उथळ घुमट सोडले तर इमारत झाडांमध्ये जवळजवळ विरून जाते. त्या काळी बँक म्हणजे दगडी खांब आणि लोखंडी जाळी, हे लक्षात घेतले म्हणजे यातले धाडस कळते. एरोने आराखडा केलेले नॉर्थ ख्रिश्चन चर्च तो १९६१ मध्ये वारल्यानंतर तीन वर्षांनी पूर्ण झाले. षट्‌कोनी छपरातून सुईसारखा सुळका वर जातो, आणि त्याच्या बुडाशी असलेल्या गोल झरोक्यातून प्रकाश गाभाऱ्यात उतरतो. माझ्या मते गावातली सर्वांत सुंदर जागा हीच.

इथली एक छोटी इमारतही मोठ्या वास्तूंइतकीच बारकाईने पाहावी: रॉबर्ट व्हेंचुरी यांचे अग्निशमन केंद्र क्र. ४ (१९६८). आग विझवायचे ओले पाइप टांगून वाळवायला उंच जागा लागते, म्हणून अर्धगोल मनोरा. त्यावर लांबून दिसेल असा भला मोठा ‘४’ आकडा. गरजेतूनच रूप आले आहे.

पाचव्या रस्त्यावर उभे राहिले की एका बाजूला थोरल्या सारिनेन यांचे चर्च दिसते, समोर आय. एम. पेई यांचे लाल विटांचे क्लिओ रॉजर्स वाचनालय (१९६९). मधल्या फरसबंद चौकात शिल्पकार हेन्री मूर यांची सुमारे ६ मी. उंचीची कांस्य कमान आहे. तिला कुंपण नाही. पुस्तके काखोटीला मारून मुले तिच्या खालून धावतात. जवळच्याच पर्यटक केंद्रातून वास्तुदर्शनाच्या बस फेऱ्या निघतात. मिलर कुटुंबाचे राहते घरही (१९५७) आता पाहता येते, मात्र तिकीट आधी काढावे लागते. एरो सारिनेनची रचना, अलेक्झांडर जिरार्ड यांची अंतर्गत सजावट आणि डॅन कायली यांची बाग असा तिहेरी योग तिथे जुळला आहे. दिवाणखान्यात जमिनीच्या पातळीखाली उतरून, गाद्या-उशांवर बसून गप्पा मारायची चौकोनी बैठक आहे.

महाराष्ट्राशी या गावाचे नाते जुने आहे. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही भागीदारीतली कंपनी सुरू झाली आणि कोथरूडमध्ये डिझेल इंजिने तयार होऊ लागली. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे १९९१ मध्ये निघालेले महिला अभियांत्रिकी महाविद्यालय पुण्यात ‘कमिन्स कॉलेज’ म्हणूनच ओळखले जाते. कामानिमित्त पुण्याहून कोलंबसला जाणाऱ्या अभियंत्यांमुळे मक्याच्या शेतांमधल्या या गावात मराठी कानावर पडते.

वॉशिंग्टन रस्त्यावर १९०० पासूनचे झहाराकोस हे ग्रीक भावंडांनी काढलेले आइस्क्रीमचे दुकान आहे. संगमरवरी काउंटर, कोरीव लाकूडकाम आणि हवेच्या दाबावर आपोआप वाजणारे जुने ऑर्गनवाद्य अजून जागेवर आहे. वास्तू पाहून पाय दुखले की बहुतेक सगळे इथेच येऊन बसतात.